मागचा माणूस, पुढचा माणूस

फायरफॉक्सच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करायचं, प्रॉपर्टीज उघडायच्या आणि ‘टार्गेट’च्या चौकटीत जी लांबलचक ओळ असते तिच्या शेवटी थोडी जागा सोडून एक आडवी रेघ आणि ‘किऑस्क’ हा शब्द टाइप करायचा. एवढंच. पुढच्या वेळी ब्राउझर उघडतो तेव्हा वर पत्त्याची पट्टी नसते, टॅब नसतात, कोपऱ्यातली फुलीही नसते. पडदाभर एकच पान. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१९च्या डिसेंबरात, ७१व्या आवृत्तीत आली. क्रोममध्ये ती त्याच्या आधीपासून होती, आणि जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला तर नुसतं ‘के’ हे अक्षर जोडलं तरी भागायचं.

तालुक्याच्या गावांतली ग्रंथालयं, कॉलेजांच्या लायब्रऱ्या, एखादं नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी लोकांसाठी ठेवलेले संगणक लावून देण्याचं काम मी करते. तो शब्द टाइप केला की ओके दाबायच्या आधी माझा हात क्षणभर थांबतो. ब्राउझर ही वस्तू जन्मली तीच भटकण्यासाठी. या पानावरून त्या पानावर, तिथून आणखी कुठे, आणि वाटेत कुणाला विचारायला लागू नये म्हणून. तिला एका पानाला बांधून घालायचं तर त्याला कारण तसंच हवं.

तसा पहिला बंदोबस्त वेबच्या जन्माबरोबरच झाला होता. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली ज्या नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर लिहिला, त्या काळ्या डब्यावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची, लाल शाईतली. आमच्याकडच्या संगणकांवर अजूनही चिठ्ठ्याच असतात. पेन ड्राइव्ह लावू नये. गेम खेळू नये. काम झाल्यावर जागा सोडावी. चिठ्ठीत एक चांगुलपणा आहे, ती माणसावर भरवसा ठेवते. पण दिवसाकाठी शंभर अनोळखी हात लागणाऱ्या यंत्राचं चिठ्ठीवर भागत नाही, हेही खरं.

समितीच्या बैठकीत विषय निघतो तो असा: ‘मॅडम, पोरं काहीबाही उघडतात. एकदाचं सगळं बंद करून टाका.’ त्यांचं चुकत नाही. ‘ब’ वर्गाच्या ग्रंथालयानं अनुदान आणि देणग्या जुळवून घेतलेला संगणक व्हायरसनं बसला तर दुसरा कुठून आणायचा, ही काळजी रास्त आहे. पण त्या वाक्यात कुलूप कुणापासून आणि कुणासाठी, हे दोन्ही ठरून गेलेलं असतं: लोकांपासून, यंत्रासाठी. मला वाटतं कामाची खरी गोम इथेच आहे. यंत्राला लोकांपासून वाचवणं हे निम्मंच काम, आणि त्यातलं सोपं निम्मं. अवघड निम्मं म्हणजे त्या खुर्चीवर आत्ता बसलेल्या माणसाला त्याच्यानंतर बसणाऱ्यापासून वाचवणं. त्याबद्दल बैठकीत सहसा कुणी विचारत नाही.

ज्यांनी ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट वापरलंय त्यांना आतली सळई आठवत असेल. प्रत्येक कार्डाला खालच्या कडेला भोक असे आणि खणातल्या सगळ्या कार्डांमधून आरपार एक धातूची सळई गेलेली असे. वाचकानं कार्डं हवी तितकी चाळावीत, मागेपुढे करावीत, वहीत उतरवून घ्यावीत. उपसून मात्र एकही निघत नसे. नवं कार्ड घालायचं असलं की ग्रंथपाल सळई ओढून काढी आणि परत बसवी. कुलूप कसं असावं याचा विचार करताना मला ती सळईच डोळ्यांसमोर येते. ती चाळण्याच्या आड कधी आली नाही. ती कुठे आहे हे वाचकाला दिसत होतं. आणि ती एकाच गोष्टीला अडवत होती.

त्या कपाटाच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी लिहिलेली ही प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि कुणालाही वापरता यावी म्हणून खुली ठेवली गेली. तिचं वाचकासाठीचं पान, ज्याला सगळे ओपॅक म्हणतात, ते ब्राउझरमध्ये उघडतं. म्हणजे पुस्तक शोधायला मांडलेला संगणक हा प्रत्यक्षात एक ब्राउझर असतो, आणि ब्राउझरच्या मागे सगळं इंटरनेट असतं. सळई कुठून घालायची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

फुली काढून टाकली म्हणून ब्राउझर बंद होत नाही असं नाही. आल्ट आणि एफ-फोर दाबलं की तो बंद होतो आणि मागचा डेस्कटॉप उघडा पडतो. ते बंद करावं तर आणखी वाटा असतात. एका गावी अकरावीतल्या एका मुलानं मला त्यातली एक स्वतः बसून दाखवली. कंट्रोल आणि पी दाबलं. छापण्याची चौकट उघडली. प्रिंटरच्या जागी ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ निवडलं. फाइल कुठे ठेवायची हे विचारणारी खिडकी आली, आणि ती खिडकी ब्राउझरची नव्हती, विंडोजची होती. तिच्यात सगळे ड्राइव्ह दिसत होते, फोल्डर दिसत होते, वर पत्ता लिहायची जागा होती. तिथे त्यानं एका प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं आणि बाहेर. ‘मॅडम, हे इथून उघडतं,’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती, एखादा नळ गळतोय हे सांगावं तसा तो सांगत होता. सहज सापडलं का, असं विचारलं तर म्हणाला, पुस्तकांची यादी छापून घ्यायची होती.

ही वाट जगभर माहीत आहे. पॉल क्रेग या न्यूझीलंडच्या सुरक्षातज्ज्ञानं २००८ सालच्या डेफ कॉन परिषदेत सार्वजनिक किऑस्कमधून बाहेर पडण्याच्या अशा कितीतरी तऱ्हा मांडल्या आणि त्यासाठी आयकॅट नावाचं एक साधनच तयार करून ठेवलं. त्याच्या कामातून मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती एक गोष्ट: किऑस्क बनवणारे कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाला घाबरून राहतात, आणि पडद्यावर उघडलेल्या पानाला घाबरत नाहीत. पण पानही खिडक्या उघडू शकतं. फाइल जोडायचं बटण असलेलं कुठलंही पान तीच विंडोजची खिडकी समोर आणतं. ईमेलच्या पत्त्यावर टिचकी मारली की मेलचा प्रोग्रॅम उठून बसतो. म्हणून नुसत्या कळा बंद करण्यात अर्थ नाही. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये धोरणं लिहून ठेवता येतात, त्यात फाइल निवडायची खिडकीच बंद करता येते, डाउनलोड थांबवता येतं, प्रोग्रॅमरसाठीची साधनं झाकता येतात. हे काम किचकट असतं पण एकदाच करायचं असतं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखी आहे ती शिफ्टची कळ. विंडोजवर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ चालू करायची का, असं विचारणारी चौकट येते, आणि तिच्यातल्या दुव्यावरून सेटिंग्जमध्ये जाता येतं. किऑस्क फोडण्याची ही सगळ्यात प्रसिद्ध युक्ती, त्यामुळे ती सगळ्यात आधी बंद होते. पण ती सोय ज्या माणसाला दोन कळा एका वेळी दाबता येत नाहीत त्याच्यासाठी आहे. एक हात नसलेल्यानं, बोटं थरथरणाऱ्यानं शिफ्ट सोडावी आणि मग पुढचं अक्षर दाबावं, तरी ते मोठं उमटावं, यासाठी. चोरवाट बुजवताना आपण त्या माणसाचा जिना काढून घेतो. मी आता ती चौकट बंद करते पण सोय आधीच चालू करून ठेवते. तसं करता येतं. फक्त करायचं लक्षात यावं लागतं.

भाषेच्या बाबतीत तर हे फार वाईट पद्धतीनं घडतं, आणि मला त्याबद्दल जरा विस्तारानं लिहायचंय. एका ग्रंथालयात कुणीतरी आधीच बंदोबस्त करून दिलेला संगणक होता. छान घट्ट. विंडोजची कळ बंद, आल्ट बंद, खालची पट्टी गायब. एक निवृत्त गृहस्थ ‘मृत्युंजय’ शोधत होते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि ती नाही असं मराठी ग्रंथालय सापडायचं नाही. त्यांनी एकेक कळ शोधत इंग्रजी अक्षरांत नाव टाइप केलं. उत्तर आलं: काही सापडलं नाही. त्यांनी ‘आर’नंतर ‘यू’च्या जागी ‘आय’ घालून पाहिलं. काही सापडलं नाही. ते उठले आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, ‘ताई, मृत्युंजय ठेवत नाही का तुम्ही आता?’ बाई म्हणाल्या, ‘काका, आहे की! चार प्रती आहेत.’

प्रती होत्या, नोंदही होती, पण नोंद देवनागरीत होती, आणि त्या संगणकावर देवनागरी टाइप करायची कुठलीच वाट उरली नव्हती. इंग्रजीतून मराठीवर जायचं तर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबतात, किंवा आल्ट आणि शिफ्ट. दोन्ही बंद. खालच्या पट्टीवर भाषेचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारूनही जाता येतं. पट्टीच गायब. बंदोबस्त करणाऱ्यानं मराठीला मुद्दाम कुलूप लावलं नव्हतं. त्याच्या यादीत ती कळ ‘धोकादायक’ म्हणून होती, आणि ती यादी जिथे लिहिली गेली तिथे एका कीबोर्डवर दोन लिप्या नांदत नव्हत्या. मराठी ग्रंथालयात मराठी पुस्तक मराठीत शोधता येऊ नये, आणि ते पुस्तक ग्रंथालयात नाही असं वाचकाला वाटावं, यापेक्षा मोठं नुकसान व्हायरस तरी काय करणार?

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. शोधाच्या पानावरच अक्षरांची पाटी ठेवता येते, माउसनं किंवा बोटानं दाबायची. ती इनस्क्रिप्टच्या क्रमानं मांडू नये असं माझं ठाम मत आहे. इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणी, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, सराव झाल्यावर तिच्यासारखी वेगवान दुसरी नाही. पण ग्रंथालयात उभ्या माणसाला सराव कुठला? त्याला वर्णमाला येते. अ आ इ ई, खाली क ख ग घ, शेजारी काना-मात्रा. जोडाक्षरासाठी पाय मोडावा लागतो हे निम्म्या लोकांना सुचत नाही, म्हणून ‘्य’, ‘्र’, ‘र्’, क्ष, ज्ञ तयारच ठेवावेत. आणि नोंदीच्या बाजूनंही काही करता येतं. कोहात पर्यायी शीर्षकासाठी २४६ क्रमांकाचा रकाना असतो, त्यात रोमन लिपीतली एक-दोन स्पेलिंगं भरून ठेवली की ज्याला इंग्रजी कळांवरच बरं वाटतं त्यालाही पुस्तक सापडतं. हे काम तांत्रिक माणसाचं नाही, ग्रंथपालाचं आहे, आणि ज्या ग्रंथपालांनी ते मनावर घेतलंय त्यांच्याकडे मी पाहिलंय की वाचक दुसऱ्यांदाही त्या संगणकाकडे जातो.

पुस्तकं शोधायच्या संगणकावर एकाच ठिकाणी जायचं असतं, म्हणून तिथे सगळं अडवून एक पत्ता मोकळा सोडता येतो. धोरणात तारका टाकली की सगळं बंद, मग खाली परवानगीची नावं एकेक. पण आता ग्रंथालयांत लोक फॉर्म भरायलाही येतात, सातबारा काढायलाही येतात, आणि तिथे ही यादी कोलमडते. महाभूलेखचा पत्ता मोकळा केला, सातबारा दिसला. डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये भरायचे, आणि पैसे भरायचं पान निराळ्या पत्त्यावर. तिथून बँकेचं पान, ते आणखी निराळ्या पत्त्यावर, आणि जितक्या बँका तितके पत्ते. शेतकरी गट नंबर घालून, कॅप्चा सोडवून पंधरा रुपयांपर्यंत पोचतो आणि पडद्यावर पांढरं पान येतं. किऑस्कमध्ये मागे जायचं बटण नाही, त्यामुळे परतही येता येत नाही. यादी वाढवत नेली तर ती कधी संपत नाही. मी बरेच दिवस या यादीच्या मागे होते, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की यादी करण्याची कल्पनाच या कामाला लागू नाही.

इथे सुगाता मित्रा आठवणं अटळ आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत, कालकाजीमध्ये, एनआयआयटीच्या कार्यालयाची भिंत फोडून त्यांनी वस्तीच्या बाजूला तोंड करून एक संगणक बसवला. इंटरनेट जोडलेलं, कीबोर्ड नाही, शिकवायला कुणी नाही. वस्तीतली मुलं काही तासांत त्यावर हिंडायला लागली. बाणाला ती सुई म्हणत आणि वाळूच्या घड्याळाला डमरू. पुढे २०१३ मध्ये मित्रांना टेड पारितोषिक मिळालं आणि त्यातून जी केंद्रं उभी राहिली त्यांतलं एक आपल्या फलटणचं. त्या प्रयोगातून शिक्षणाबद्दल काढलेल्या निष्कर्षांवर वाद झाले, व्हायलाच हवेत. पण सार्वजनिक संगणक म्हणून त्या भिंतीकडे पाहिलं तर एक गोष्ट वादातीत आहे: मुलांना काही उघडता येतं म्हणून ते बंद करायला हवं, असं तिथे कुणाला वाटलं नाही. उलट, उघडता येणं हाच तिथला उद्देश होता.

मग मी करते ते काम त्या भिंतीच्या विरुद्ध जातं का? अकरावीतल्या त्या मुलासमोर बसून कंट्रोल-पी बंद करताना हा प्रश्न मला बोचला होता. उत्तर मला बऱ्याच उशिरा एका फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात मिळालं.

गर्दी होती, दहावीच्या निकालानंतरची. दुकानदारानं मला त्याच्या संगणकावर एक पीडीएफ उघडून दिली आणि तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. समोर डाउनलोडचं फोल्डर तसंच उघडं होतं. माउसचं चाक फिरवावं तितकी यादी खाली जात होती. आधार, आधार, आधार. उत्पन्नाचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला. पासबुकाचं पहिलं पान. कुणाचा तरी सातबारा, कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल असा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण सरकारनंच ते सांगितलंय. आणि ती चार अक्षरं आणि ते साल शेजारच्याच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेलं असतं. मग मी ब्राउझरमध्ये मोबाइल नंबरच्या चौकटीत नुसतं क्लिक केलं. खाली नंबरांची पट्टी उलगडली. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाचा नंबर, एकाखाली एक.

कालकाजीच्या भिंतीतल्या संगणकात कुणाचं काही नव्हतं. म्हणून तो उघडा ठेवता आला. आज लोकांसाठी ठेवलेल्या संगणकात सगळ्यांचं सगळं साठत जातं, आणि आपण कुलपं लावतो ती हिंडण्याला. साठण्याला कुणी अडवत नाही.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं. नेट कॅफेतल्या किंवा किऑस्कवरच्या संगणकावरून ई-आधार उतरवणं टाळा, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका, असा सल्ला त्यात होता. गैरसमज होण्याची शक्यता आहे म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. सल्ला चुकीचा नव्हता. पण तो चुकीच्या माणसाला दिलेला होता. ज्याच्या घरी संगणक आहे, प्रिंटर आहे, तो किऑस्कवर येतच नाही. जो येतो त्याला ‘कायमचं पुसणं’ म्हणजे रिसायकल बिनमधूनही पुसणं, हे कुणी शिकवलेलं नसतं. आणि ज्या यंत्रावरच्या बाकीच्या सगळ्या कळा आपण बंद करून ठेवल्या त्यावर त्यानं पुसायचं तरी कुठून? पुसण्याचं काम यंत्राचं आहे.

कायद्याचा झुकाव मात्र आठवण ठेवण्याकडे राहिला. २०११ च्या सायबर कॅफेसंबंधीच्या नियमांत आलेल्याचं ओळखपत्र बघायचं, नोंदवही वर्षभर जपायची, कुणी कुठली संकेतस्थळं पाहिली याची नोंद वर्षभर ठेवायची, दोन खुर्च्यांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, हे सगळं आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी त्याची गरज असेल, मी ते नाकारत नाही. पण नियमाला हवी असलेली नोंद वेगळी आणि डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहिलेला रक्ताचा रिपोर्ट वेगळा. पहिली ठेवायची म्हणून दुसरा ठेवायला कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे किऑस्क म्हणजे फार काळ यंत्र नव्हतंच, यंत्रामागे बसलेला माणूस होता. वारणा परिसरात १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतली सत्तरेक गावं संगणकांनी जोडली गेली, मध्य प्रदेशात धारला जानेवारी २००० मध्ये ज्ञानदूत सुरू झालं, पुढे आपल्याकडे सेतू आलं. सगळीकडे खिडकीपलीकडे चालक. मुंबईच्या लोकलच्या तिकीटयंत्रांसमोरही मदतनीस उभे असतात आणि गर्दीच्या वेळी तेच भराभर तिकिटं काढून देतात. हा माणूस आहे म्हणून वाचता न येणाऱ्याचंही काम होतं, हे मोठं आहे. पण त्याचबरोबर दहा माणसांच्या रांगेत ‘ओटीपी सांगा’ असं मोठ्यानं विचारलं जातं आणि तितक्याच मोठ्यानं तो सांगितला जातो. बँकेत किती आहेत, कुणाच्या नावावर किती गुंठे आहेत, हे खिडकीपलीकडच्याला पाठ होतं. चांगला चालक त्याबद्दल कुठे बोलत नाही, पण विसरूही शकत नाही. यंत्राला विसरता येतं. ही एक गोष्ट यंत्र माणसापेक्षा चांगली करू शकतं, आणि तीच आपण त्याच्याकडून करून घेत नाही.

विसरायला लावणं वाटतं तितकं सोपंही नाही. ‘खासगी खिडकी’ उघडून ठेवली की झालं, असा एक समज फार पसरलेला आहे. खासगी खिडकी विसरते ती बंद झाल्यावर. किऑस्कमध्ये ती सकाळी उघडते आणि संध्याकाळी बंद होते, म्हणजे दिवसभरातली सगळी माणसं तिच्या लेखी एकच माणूस असतात. सकाळी कुणी मेल उघडून लॉगआउट न करता गेलं तर दुपारी तो मेल उघडाच. दोन माणसांच्या मध्ये ब्राउझर खरोखर मरून पुन्हा जन्मायला हवा, कुकी, फॉर्ममधली नावं, डाउनलोड, सगळ्यासकट. एज ब्राउझरच्या सार्वजनिक वापराच्या पद्धतीत त्यासाठी सत्र संपवायचं बटण आहे, आणि पाच मिनिटं कुणी काही केलं नाही तर ते आपोआप संपतं.

पाच मिनिटं! यावर माझा आणि एका तरुण सहकाऱ्याचा अजून वाद चालू आहे. तो म्हणतो दोन करा, उठून गेलेल्याचं पान दोन मिनिटंसुद्धा उघडं का राहावं? त्याचं म्हणणं खरं आहे. पण खुर्चीवर बसलेला माणूस दर वेळी टाइपच करत असतो असं नाही. तो पिशवीतून कागद काढत असतो. चष्मा पुसत असतो. मुलाला फोन लावून ‘अरे, आठ अ चा खाते नंबर काय?’ विचारत असतो. ओटीपी यायला वेळ लागतो, आला तरी तो वाचायला वेळ लागतो. तेवढ्यात यंत्रानं अर्धा भरलेला फॉर्म पुसला तर तो पुन्हा बसणार नाही, घरी जाईल, आणि हे आपल्याला जमत नाही असं मनाशी धरून बसेल. वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांत यासाठी एक अट आहे: वेळ संपायच्या आधी इशारा द्यावा आणि साध्या एका कृतीनं मुदत वाढवायला निदान वीस सेकंद द्यावेत. मला वीस कमी वाटतात. मी साठ ठेवते, पडदाभर मोठ्या अक्षरांत, ‘अजून काम चालू आहे’ असं एकच बटण, आणि ते कुठेही बोट लावलं तरी दाबलं जावं असं. सत्र संपवायच्या बटणावर मी ‘माझं झालं, सगळं पुसा’ असं लिहिते. लोक ते दाबतात. उठताना दाबतात आणि पडदा कोरा झाला का, हे वळून बघतात.

जिथे दोन संगणक आहेत तिथे आता मी दोन्हीला वेगवेगळं वागवते. एक पुस्तकं शोधायचा, एका पत्त्याला बांधलेला, वर अक्षरांची पाटी. दुसऱ्यावर पत्त्याची पट्टी तशीच असते, मागे-पुढे जायची बटणं असतात, टॅब असतात. यादी नाही. व्हायरसची आणि घाणेरड्या पानांची गाळणी असते, ती ग्रंथालयाच्या इंटरनेटलाच लावलेली. बाकी त्याच्या डिस्कवर काही लिहिलंच जात नाही. जे लिहिलं जातं ते एका तात्पुरत्या थरावर, आणि रीस्टार्ट केलं की तो थर नाहीसा होऊन यंत्र पहिल्या दिवसासारखं होतं. हे तंत्र नवं नाही. डीप फ्रीझ नावाचं विकत मिळणारं साधन कॉलेजांच्या लॅबमध्ये अनेकांनी पाहिलं असेल, मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट फुकट मिळायचं, ते २०१० मध्ये बंद झालं, आणि लिनक्सवर ही सोय करून घेता येते. अकरावीतल्या मुलानं त्या यंत्रावर कंट्रोल-पी दाबावं, फोल्डर उघडावीत, पडद्याचा रंग बदलावा, काही पुसून टाकावं. समितीला हे पटवायला वेळ लागला. ‘मग त्यानं बिघडवलं तर?’ ‘रीस्टार्ट करा.’ ‘आणि परत बिघडवलं तर?’ ‘परत करा.’ अध्यक्षांनी स्वतः एकदा डेस्कटॉपवरचं सगळं पुसून पाहिलं, यंत्र बंद करून चालू केलं, आणि मग परवानगी दिली.

ब्राउझरपुरतं हे काम आता माझ्या हाताला बसलंय. अडकलंय ते प्रिंटरवर. यंत्र सगळं विसरतं आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला पालथा पडून राहतो, कारण कागद अडकला म्हणून त्यानं दोनदा प्रिंट दिलं होतं आणि दुसरी प्रत तो गेल्यावर आली. प्रिंट लगेच न सोडता रांगेत धरून ठेवायची आणि माणूस काउंटरवर येऊन उभा राहिला की मगच सोडायची, अशी सोय लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेत आहे, सत्र संपलं की रांग रिकामी करणंही जमतं. एका ग्रंथालयात ती गेल्या महिन्यात सुरू केलीय. तिथल्या बाईंचं म्हणणं आहे की रांग दिसायला हवी पण फाइलींची नावं दिसायला नकोत, कारण फाइलीच्या नावातच लोकांची नावं असतात. त्यांचं बरोबर आहे. पुढच्या फेरीत नावांच्या जागी नुसता टोकन नंबर दिसेल असं करून द्यायचंय.